दात न बघता घेतलेली गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खंडेनवमीला हार घालायला दारात गाडी पाहिजे, म्हणून नवरात्राच्या आधी महिनाभर कोल्हापुरात जुन्या गाड्यांची खरेदी जोरात असते. गेल्या वर्षी त्या गर्दीत मीही होतो आणि फसलो. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण लाज त्याहून जास्त आहे. मी एसटीच्या कार्यशाळेत ३४ वर्षं पाने फिरवले. लेलँड असो की टाटा, नुसत्या आवाजावरून कुठला टॅपेट सैल आहे ते सांगायचो. असा माणूस फसतो, तर बँकेत, शाळेत, दुकानात काम करणाऱ्यांचं काय होत असेल, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त सीट बेल्टचा भाग तेवढा ठेवा.

माझी मुलगी गगनबावडा रस्त्यावर, कळ्याच्या पलीकडं शाळेत शिक्षिका आहे. रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, तेही पावसाळ्यात स्कूटरवर. जावई म्हणाले, साडेचार लाखांपर्यंतची जुनी गाडी बघूया. मी म्हटलं, तुम्ही कशाला बघताय, मी बसलोय की. तालमीतल्या माझ्या जुन्या सोबत्याचा मेहुणा ‘गाड्यांचं बघतो’. हा आपल्याकडचा खास शब्द. त्याचं दुकान नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही, तो नुसतं ‘बघतो’. सोबत्यानं फोन लावून दिला आणि वर म्हणाला, “आपलाच माणूस हाय, बिनधास्त जावा.”

त्यानं बोलावलं संध्याकाळी सात वाजता, एका शेडमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात. गाडी पांढरी, पेट्रोलची, २०१८ ची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. गाडी नुकतीच धुतलेली, अंगावरचं पाणीही वाळलं नव्हतं. ओल्या पत्र्यावर रंगाचा फरक कळत नाही, हे मी शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. बॉनेटला हात लावला तर गरम. “आत्ताच पंपावर जाऊन आलो,” म्हणाला. इंजिन गार असताना पहिल्यांदा सुरू करून ऐकायचं, हेही मीच सांगत आलो. आत मोगऱ्याचा घमघमाट. मीटरवर ४१ हजार किलोमीटर. शंका घ्यायला तीन कारणं समोर उभी होती, पण तोवर सोबती, त्याचा मेहुणा आणि मी तालमीच्या जुन्या आठवणींत शिरलो होतो, चहा आला होता, आणि चहा पिऊन झाल्यावर मी खिशातून ११ हजार इसार काढून दिला.

इसार दिला की माणसाची नजर बदलते. त्याच्या आधी आपण गाडीतली खोड शोधत असतो, नंतर तीच खोड झाकायला लागतो. दुसऱ्या दिवशी जावयांनी विचारलं, “स्टेअरिंग थोडं डावीकडं ओढतंय का हो?” मी म्हटलं, “हवेचं असेल.” चाकातली हवा मी बघितलीही नव्हती.

माझे वडील शेतकरी. बैल घ्यायला पेठ वडगावच्या बाजारात जायचे, मला बरोबर न्यायचे. जबडा उघडून दात बघणं हे तर झालंच, पण बैल बसवून उठवायचे, चढावर चालवायचे, मागच्या पायाच्या खुरावर बोट दाबून बघायचे. हेड्यानं टॉवेलाखाली हात पुढं केला तरी यांचा हात तासभर खिशातच. विकणारा सोयरा असला तर तपासणी दुप्पट, कारण उद्या वाद झाला तर बैलही जायचा आणि सोयरीकही. त्या माणसाचा मी मुलगा. मी दात बघितले नाहीत, चहा प्यायलो.

गाडी ४ लाख ३५ हजाराला ठरली. खंडेनवमीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. हिवाळा, उन्हाळा गाडी बरी चालली. यंदा मृगाचा पाऊस झाला आणि तिला वास सुटला. भिजलेलं गोणपाट बंद खोलीत ठेवल्यावर येतो तसा. मुलीला वाटलं, काच उघडी राहिली असेल. पुढच्याच आठवड्यात बालिंग्याच्या पुलावर स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. हल्लीच्या लहान गाड्यांचं स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. मोटरला करंट मिळाला नाही, की चाक वळवायला दोन माणसांचं बळ लागतं. समोरून उसाचा ट्रॅक्टर नव्हता म्हणून पोरगी घरी आली.

त्या रविवारी मी गाडी उघडली. जे गेल्या वर्षी सप्टेंबरात करायचं ते जूनमध्ये केलं.

सीट बेल्ट आपण नेहमी छातीपुरता ओढतो. मी तो पूर्ण, संपेपर्यंत बाहेर ओढला. वरचा पट्टा काळाभोर, स्वच्छ. शेवटची वीतभर मात्र तांबूस, आणि मधे एक आडवी रेघ, चहाच्या कपात राहते तशी. गाडी धुणारा सीट धुतो, मॅटिंग बदलतो, डॅशबोर्डला पॉलिश मारतो, पण पिलरच्या आत गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही. पाणी कुठवर चढलं होतं ते त्या पट्ट्यानं मला दाखवलं. सीटचे बोल्ट काढले तर गंजानं फुगलेले. मॅटिंग उचललं तर खालच्या फोममध्ये बारीक माती, हातावर चोळली तर पावडर. डिकीत स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात घातला, तिथंही तीच. हेडलाइटच्या काचेत आतून बारीक थेंब. पायाजवळचे वायरिंगचे कपलर उघडले तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. तांब्याला पाणी लागलं की असा हिरवा बुरा चढतो. तो आज चढला म्हणून गाडी आज बंद पडत नाही, वर्षा-दोन वर्षांनी एकेक तार दगा देत जाते. आज स्टेअरिंग, उद्या ब्रेकचं एबीएस, परवा एअरबॅग.

आणि मातीचा रंग. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही महापूर आपण बघितले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी दोन्ही वेळा ५५ फुटांच्या पुढं गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद होता. घरातला गाळ उपसलेल्या माणसाला पंचगंगेचा गाळ ओळखू येतो. तो काळसर, चिकट असतो. ही माती तांबडी होती. मग मी गाडीचा नंबर नव्यानं वाचला. एमएच ०८. रत्नागिरी. आरसीवर मी तिसरा मालक. गाडी २०१८ ची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं अख्खं चिपळूण बुडवलं. आमचं चिपळूण आगार पाण्याखाली गेलं, तिथले आगार व्यवस्थापक रोकड भिजू नये म्हणून ती घेऊन एसटीच्या टपावर तासन् तास बसून होते. पेपरात आलं होतं, आम्ही निवृत्त लोक आठवडाभर तेच बोलत होतो. एसटीत जन्म घालवलेल्या मला ‘एमएच ०८’ वाचल्यावर ते आठवू नये!

पुढं कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर आणि आरसी दाखवून जुनी नोंद काढून घेतली. शेवटची सर्व्हिसिंग एप्रिल २०२१ ची, तेव्हा मीटर ५२ हजार. त्यानंतर नोंद नाही. आणि मला विकताना, तीन वर्षांनी, ४१ हजार. आधी मला वाटलं, मीटर मागं फिरवला. तसं करणारे आहेतच, लॅपटॉप जोडून दहा मिनिटांत करतात. पण इथं बहुधा मीटर मागं घ्यायचीही गरज पडली नव्हती. पाण्यात मूळ मीटर गेला असणार, म्हणून भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा आणून बसवला. त्या गाडीचे ४१ हजार हिच्या नावावर चढले.

अशा गाड्या येतात कुठून, हेही सांगतो. पाण्यात गेलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त होत असेल, तर विमा कंपनी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला पैसे देते आणि ती गाडी भंगार म्हणून बोलीवर विकली जाते. बोली घेणारा ती उघडतो, वाळवतो, चालू करतो. यात गुन्हा काही नाही, सांगून विकली तर. माझ्या गाडीच्या चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य होता. कुणी काही वर्षं क्लेम घेतला नाही तर हा बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो. सहा वर्षांच्या, ‘कधी खरचटलंही नाही’ म्हणणाऱ्या गाडीवर शून्य का, हे विचारायला हवं होतं. विमा खंडित झाला किंवा मालक बदलला तरी शून्य होतो, हे मान्य. पण उत्तर तरी ऐकायला हवं होतं.

एजंटाकडं गेलो. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला (परत चहा!) आणि कराराची झेरॉक्स पुढं ठेवली. स्टँपपेपरवर टाइप केलेलं होतं, ‘सदर वाहन जसे आहे तसे, पाहून, चालवून व तपासून घेतले आहे’. खाली माझी सही. विकणारा म्हणून सही दुसऱ्या मालकाची, ज्याचं तोंड मी आजवर बघितलेलं नाही. एजंटाचं नाव त्या कागदावर कुठंच नाही, साक्षीदार म्हणूनसुद्धा नाही. वकील म्हणाले, ग्राहक आयोगात जायचं तर कुणाविरुद्ध जाणार? पावती कुठाय? पैसे कुणाला दिले? त्यातले दोन लाख मी रोख दिले होते, “तेवढं ट्रान्सफरचं लवकर होतंय” म्हणून. सोबती आता तालमीच्या कट्ट्यावर मी आलो की उठून जातो. त्याचा दोष किती, मला खरंच ठरवता येत नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नव्हतं. पण ‘आपलाच माणूस’ हे शब्द त्यानं दिले आणि त्यांच्यावर मी गाडी घेतली.

आता, मी पुन्हा गाडी घ्यायला गेलो तर काय करीन. इसार देण्याच्या आधी, सकाळी, उन्हात आणि कोरडी गाडी बघीन. आदल्या रात्री फोन करून सांगीन, मी येईपर्यंत चालू करू नका. गाडी गरम आढळली तर नमस्कार करून परत. चालू करण्याआधी नुसती किल्ली फिरवून मीटरमधले दिवे बघीन. एअरबॅगचा, एबीएसचा, चेक इंजिनचा लाल-पिवळा दिवा आधी पेटला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लोक फक्त विझलेला बघून खूश होतात. माझ्या गाडीत एअरबॅगचा दिवा कधी पेटतच नव्हता. पेटत नाही म्हणजे बिघाड नाही असं नव्हे, बहुधा कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. मग पट्टा पूर्ण ओढायचा, मॅटिंगखाली हात घालायचा, स्टेपनीचा खड्डा बघायचा. दारांचं रबरी बीडिंग बोटानं सोलून खालचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का बघायचे. कारखान्यातले ठिपके एका ओळीत असतात, टिंकरिंगवाल्याचे गॅसचे टाके लगेच कळतात. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर बॉनेट उघडून काढलंय. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सालाची खूण असते, एकच काच वेगळ्या सालाची असेल तर ती का फुटली ते विचारायचं.

४१ हजार चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. माझ्या गाडीचं रबर कोरं करकरीत होतं, कारण नवं घातलेलं होतं. त्याचंच मला तेव्हा कौतुक वाटलं! टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. ‘३२१९’ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. गाडी २०१८ ची, मीटर ‘फक्त ४१ हजार’ आणि टायर चारही नवे, मग जुने टायर कधी आणि का झिजले?

हे ज्याला जमत नाही त्यानं उद्यमनगरातल्या आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला हजार-पंधराशे देऊन बरोबर न्यावं. मिस्त्री आपला पाहिजे, एजंटानं सुचवलेला नको. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून घ्यावा, खाली पिटात उभं राहून बघावं. चार लाखांच्या खरेदीत पंधराशे रुपये वाचवून माणूस काय मिळवतो, मला कळत नाही. मीही तेच वाचवले, वर मिस्त्री मीच होतो. वायरिंग हार्नेस, स्टेअरिंगची मोटर आणि एअरबॅगचं काम मिळून आत्तापर्यंत ६२ हजार गेलेत.

कागदांबद्दल मला यंत्राइतकं कळत नव्हतं, या निमित्तानं कळलं. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा अशा गोष्टी दिसतात. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढं जाऊ नये, “फेडलंय, फक्त काढायचं राहिलंय” यावर तर मुळीच नाही. थकलेली ई-चलनं त्याच बैठकीत बघावीत. चोरीची गाडी आहे का, हे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, ‘वाहन समन्वय’ या सुविधेत तपासता येतं. चेसिस नंबर आरसीशी जुळवताना फोटो नको, स्वतः वाकून बघा, अक्षरांच्या भोवती घासल्याची चमक आहे का तेही. दिल्लीकडच्या गाड्या इकडं स्वस्तात येतात, कारण तिथं दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवण्यावर बंधनं आली. त्या वाईटच असतात असं नाही, पण तिकडची एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स किमतीत धरून मग स्वस्त की महाग ते ठरवावं. बेळगाव, गोव्याच्या गाड्यांनाही तेच.

फसवणूक घेणाऱ्याचीच होते असं नाही. माझ्या गल्लीतल्या एका शिक्षकांनी सहा वर्षांपूर्वी जुनी गाडी विकली. एजंटानं गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या, पैसे रोख मोजले, पेढेही दिले. गाडी तीन हात फिरली आणि एकानंही ती नावावर केली नाही. अंकलीजवळ तिनं एका दुचाकीवाल्याला उडवलं आणि मोटार अपघात दाव्याची नोटीस आली या सरांना. सर म्हणत होते, गाडी माझी नाहीच. पण आरटीओत नाव त्यांचंच. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलंय, नोंदणी ज्याच्या नावावर तो कायद्यानं मालक, मधे गाडी कितीही हातांतून गेली असो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. म्हणून विकणाऱ्यानंही कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, घेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ घालून डिलिव्हरी नोट करावी आणि आरसी बदलल्याची खात्री करावी. घेणाऱ्यानं विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला द्यावा. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीवर मागायला गेलं की कंपनी हात वर करते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

मोबाइलवरच्या जाहिरातींची तऱ्हा वेगळी. माझ्या भाच्याला ‘सैन्यात आहे, बदली झाली, तातडीनं विकायचीय’ असा फोन आला. गणवेशातला फोटो, कँटीनचं कार्ड, सगळं व्हॉट्सॲपवर. गाडी लष्कराच्या ट्रान्सपोर्टनं येईल, फक्त २१ हजार भरा. आपल्या जिल्ह्यात घरटी कुणीतरी फौजेत, त्यामुळं त्या शब्दावर आपण लगेच विरघळतो. पैसे गेले. भाच्यानं १९३० ला फोन केला तो दोन दिवसांनी, तो तासाभरात करायचा असतो. गाडी डोळ्यांनी न बघता एक रुपयाही पाठवायचा नाही, यापलीकडं या प्रकाराबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता माझं मागणं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राचा नियम लागू आहे. अशा डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी नं आरटीओला कळवायचं, आणि तिथून पुढं गाडी विकेपर्यंत तोच मालक समजला जातो. म्हणजे गाडी घेतली, विकली, मधे काही घडलं, सगळ्याला जबाबदार माणूस कागदावर येतो. माझ्या व्यवहारात तोच माणूस कागदावर नव्हता. ‘बघणाऱ्यां’ना हा नियम माहीत नाही आणि गिऱ्हाइकांना तर अजिबातच नाही. आमच्या आरटीओ कार्यालयानं जिल्ह्यातल्या अधिकारपत्र असलेल्या विक्रेत्यांची यादी दारात, फॉर्म विकणाऱ्यांच्या टेबलांसमोर, मोठ्या अक्षरांत लावावी. आपल्या पेपरनंही ती दसऱ्याच्या आधी एकदा छापावी. आणि विमा कंपनीनं एखादी गाडी टोटल लॉस धरली, तर तेवढी एक ओळ त्या नंबरापुढं परिवहनच्या नोंदीत दिसावी. कर्जाचा बोजा दिसतो, चलन दिसतं, पीयूसी दिसते. गाडी बुडाली होती हे का दिसू नये?

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. – मुलगी ती गाडी आता चालवत नाही, आणि तिनं चालवावी असं मीही म्हणत नाही. दुरुस्त करून विकायला काढलीय. मागच्या काचेवर पाटी लावलीय, ‘विकणे आहे. २०२१ च्या पुरात बुडालेली. वायरिंग नवीन.’ किंमत दोन लाख दहा. पंधरा दिवसांत दोन फोन आले. पहिल्यानं पाटी पुरती वाचली नव्हती, सांगितल्यावर त्यानं ठेवून दिला. दुसरा म्हणाला, “काका, ती पुराची ओळ तेवढी पुसा. दसऱ्याच्या आत साडेतीनला गिऱ्हाईक आणतो. ओळखीचंच हाय.”